बहिणीनं आपणहून म्हणायचं असतं

"हा पट्टा म्हणजे वासराचं दावंच की," आई पुटपुटली. "मानेला काचतो, पोटाला काचतो. मी काय उडी मारून पळून जाणारेय?"

मागच्या सीटवर आम्ही दोघी होतो, आमच्या मध्ये खाण्याची टोपली. आई कुणालाच उद्देशून बोलत नव्हती. पण तिचं तोंड माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होतं, त्यामुळे ऐकणारी मीच.

"आई, असू दे तो. पोलीस अडवतात," पुढून ओब्राद म्हणाला. ओब्राद म्हणजे माझा धाकटा भाऊ.

"मला अडवून त्यांना काय मिळणार? ऐंशीला टेकलेली म्हातारी."

ओब्राद हसला. त्याची बायको नेवेंका हसली. मीही हसले. त्या दिवशी सकाळपासून आम्ही सगळेच जरा जास्त हसत होतो.

याब्लान तळं, आणि त्याच्या डोक्यावरचा लाल कडा. दर उन्हाळ्यात बाबा आम्हाला तिथे न्यायचे. फार लांबची वाट नाही, म्हातारी बाईसुद्धा चढते. बाबा थंडीत गेले. त्यामुळे या वर्षी कुणी नेणार नाही असं मी धरून चालले होते, तर ओब्रादचा फोन आला. "सेको, ये ना रविवारी. बाबांच्या वेळेसारखं जाऊन येऊ." आमच्याकडे भाऊ बहिणीला लाडानं सेको म्हणतो. ओब्रादनं मला शेवटचं सेको म्हटलं तेव्हा त्याला मिशा फुटायच्या होत्या. मी फोन ठेवला आणि समोरच्या पडद्याची कड उलटी शिवली.

कारण रविवारनंतर येतो मंगळवार, आणि मंगळवारी आम्हाला नोटरीनं बोलावलं होतं. बाबांच्या मागे काय आहे ते कुणाच्या नावावर करायचं, त्यासाठी.

कायद्यानं तिघांना सारखं: आई, ओब्राद, मी. कायदा राजधानीत होतो. आमच्या डोंगरात बहीण वाटा घेत नाही. नोटरीसमोर बसते, भावाच्या नावे हक्क सोडते, बाहेर येऊन सगळे मिळून कॉफी पितात. भाऊ तिला काहीतरी भेट देतो, एखादी साखळी, एखादा गालिचा. मग ती जन्मभर माहेरी मानाची पाहुणी. आली की तिच्यासाठी हॅम कापतात, गेली की फाटकापर्यंत सोडायला येतात. आणि जिनं वाटा घेतला तिच्याबद्दल बोलताना लोक आवाज खाली आणतात, जिवंतपणीच भाऊ पुरला म्हणतात.

यातली खरी खुबी वेगळीच आहे. भावानं मागायचं नसतं. मागितलं तर त्याची लाज. बहिणीनं आपणहून म्हणायचं असतं: "मला काही नको रे, तुझंच आहे." म्हणजे बघा, मला कुणी काही विचारलेलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आणि मला नाही म्हणायचं होतं. सगळ्याला नाही. घर ओब्रादचं, कुरणं ओब्रादची. त्याला तिथे पर्यटकांसाठी लाकडी घरं बांधायची आहेत, त्याचे दोन्ही मुलगे समुद्राकाठच्या हॉटेलांतल्या नोकऱ्या सोडून परत यायचे आहेत, येऊ देत. मला हवी होती फक्त वरची झोपडी. खाली दगड, वर फळ्यांचं उतरतं छप्पर, उन्हाळ्यात गुरं वर न्यायचे तेव्हा बाबा राहायचे ती. मी खाली निकशिच शहरात बसस्टँडच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आणि लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवते. नवऱ्यानं मला सोडलं असं आई सांगते, मी त्याला सोडलं असं मी सांगते. घर त्याच्याकडे राहिलं याबाबत मात्र आमचं दोघींचं एकमत आहे. ज्या दाराची किल्ली फक्त माझ्याकडे असेल असं एक दार मला हवं होतं. पन्नाशी उलटल्यावर बाईला असं काही वाटू लागतं, मग ते वाटणं जात नाही.

गाडी पायथ्याच्या गावात ठेवून आम्ही चालायला लागलो. माझी पिशवी ओब्रादनं माझ्या खांद्यावरून काढून घेतली.

"अरे, मी नेते."

"छे! तू कशाला? तू नुसती चाल, सेको."

माझ्या लग्नातसुद्धा ज्यानं माझी पेटी उचलली नव्हती तो माझी पिशवी घेऊन पुढे चालला होता, आणि त्याचं टक्कल घामानं चमकत होतं. मला त्याची दया आली. ती येऊ द्यायची नाही असं मी ठरवलं होतं.

आई सगळ्यांच्या पुढे. काळा झगा, काळा रुमाल, पायात लोकरीचे मोजे आणि वर रबरी बूट. हातात काठी, पण ती टेकवण्यासाठी नव्हे, वाटेतली खाजरी झुडपं झोडपण्यासाठी. वाट स्प्रूसच्या झाडांतून जाते. झाडं इतकी दाट की दोघं शेजारी चालू शकत नाहीत, एकामागे एक. माझ्या पुढे ओब्राद, माझ्या मागे नेवेंका. वेग कमी केला की नेवेंकाचा श्वास मानेवर, वाढवला की ओब्रादच्या पाठीवरची माझीच पिशवी नाकावर.

पहिलं तळं दलदलीचं आहे. कडेनं गवत, मध्ये काळं पाणी, त्यावर पिवळी फुलं. तिथे नेवेंकानं मला सफरचंद दिलं. सोलून.

"सालीसकट खाते मी," मी म्हटलं.

"माहितेय. पण म्हटलं, आज सोलून देऊ."

ती असं म्हणाली आणि मग आम्ही दोघींनीही तळ्याकडे पाहिलं. नेवेंका वाईट बाई नाही. शेवटची तीन वर्षं बाबांना बिछान्यातून उठवणं, धुणं, भरवणं हे तिनं आणि ओब्रादनं केलं. ओब्राद त्यांना पाठीवर घेऊन अंगणात आणायचा, उन्हात बसवायचा, माशा हाकलायचा. मी महिन्यातून एकदा बसनं यायचे, संत्री घेऊन. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर सगळं फार सोपं झालं असतं.

याब्लान तळ्याशी पोहोचलो तेव्हा ऊन होतं, पण पाण्यावरून गार वारा येत होता. तळं खोलगट वाडग्यात ठेवल्यासारखं, आणि त्याच्या मागे सरळ उभा लाल कडा, पाण्यात उलटा पडलेला. आईनं टोपली उघडली. भाकरी, खारवलेली साय, चीज, कांदे, धुरावलेलं हॅम. सगळ्यात पातळ, सगळ्यात सुंदर कापलेले हॅमचे काप माझ्या पुढ्यात आले. ओब्रादनं राकियाची, आमच्या घरच्या फळांच्या दारूची, छोटी बाटली काढली. "बाबांसाठी," म्हणून त्यानं थोडी गवतावर सांडली, मग आम्ही घोट घोट घेतला.

"गारठलीस का, सेको?"

"थोडी."

"थांब!" तो लहान मुलासारखा उठला, आपल्या पिशवीतून एक गठ्ठा काढला आणि माझ्या खांद्यांवर टाकला. जाकीट होतं. लाल, नवं कोरं, आत मऊ अस्तर. "घाल, घाल. डोंगर चढणाऱ्यांचं आहे, अस्सल. वारा आत येत नाही."

मला खरंच थंडी वाजत होती. मी हात घातले, चेन वर ओढली. चेन गळ्याशी येऊन अडकली.

मग मी वर पाहिलं. आई नेवेंकाकडे पाहत होती, नेवेंका आईकडे. आईनं हलकेच मान डोलावली, एखादं काम वेळेत उरकल्यावर डोलावतात तशी. ओब्राद तळ्याकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

साखळी, गालिचा, जाकीट. मी भेट घेतली होती. दोन साक्षीदारांसमोर, भाकरी खाऊन, राकिया पिऊन. परक्या माणसाला यात काही दिसणार नाही, बहिणीला गारठा लागला, भावानं जाकीट दिलं, एवढंच दिसेल. पण आम्ही चौघं परके नव्हतो. मी चेन खाली ओढली. हलेना. वर ओढली. हलेना.

"काय झालं?" नेवेंकानं विचारलं.

"काही नाही. अडकलीय."

"राहू दे मग. छान दिसतंय तुला. रंग खुलतो."

"टोमॅटोसारखी दिसतेय," आई म्हणाली. "पण ऊब आहे ना? झालं."

तेवढ्यात बेलग्रेडचं एक जोडपं आलं, दोघांच्याही हातांत दोन दोन काठ्या. आमच्याकडे जेवताना कुणी दिसलं की त्याला बसा म्हणायचं, आणि आईनं बसायला लावलं की बसावंच लागतं. ती दोघं बसली, साय चाटून पुसून खाल्ली. बाईनं आईला कौतुकानं विचारलं, "आजी, या वयात इथवर चढलात! तुम्हाला मुलं किती?"

"एक," आई म्हणाली. "आणि, माफ करा, एक मुलगी."

बाई हसायला लागली. "माफ कशाबद्दल?"

आईला प्रश्नच कळला नाही. तिच्या आईनं तसंच सांगितलं होतं, तिच्या सासूनं तसंच. तिला वाटलं, पाहुणीला मुलगी वाईट निघाली असं वाटलं असेल, म्हणून तिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "पण ही सोनं आहे माझी. हिनं जन्मात कधी काही मागितलेलं नाही. हो की नाही, लेका?"

आई लाडात असली की मलाही लेकाच म्हणते. तिथे बसून मला बाबांनी एकदा कोल्ह्यासाठी लावलेला सापळा आठवला. त्याला दात वगैरे नव्हते, नुसता दोरीचा फास होता. कोल्हा ओढेल तेवढा घट्ट व्हायचा, गप्प बसला तर सैल. गप्प बसलेला कोल्हा बराच वेळ समाधानी दिसतो.

"हो," मी म्हटलं.

बेलग्रेडची बाई माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली, मग ती दोघं आभार मानून खाली गेली. खाली जाणाऱ्या वाटेकडे पाहताना मला वाटलं, यांच्याबरोबर जावं. पाय मुरगळला म्हणावं. पण पिशवी ओब्रादकडे होती, पिशवीत बसचं तिकीट, पैसे, फोन, सगळं.

कड्याची वाट तळ्याला वळसा घालून मागून चढते. गवताळ चढ, मग दगड, मग एकदम मोकळं. आई न थांबता चढली आणि वर जाऊन आमच्याकडे वाकून ओरडली, "काय रे, मेलात का?" आम्ही धापा टाकत पोहोचलो. पायाशी तळं, वाडग्याएवढं. पलीकडे पठार, आमच्या गावाची छपरं, कुरणांचे हिरवे तुकडे. आणि गावाच्या वर, झाडांच्या कडेला, करड्या छपराचा एक ठिपका. माझी झोपडी. मी मनात तिला माझी म्हटलं आणि लगेच आईकडे पाहिलं, तिला ऐकू गेलं असावं तसं.

ओब्राद माझ्या शेजारी आला. हात लांब केला. "ते बघ सेको. तिथे, कुंपणापासून, पहिलं घर. मग दुसरं. आणि ती झोपडी आहे ना, ती पाडून तिथे गरम पाण्याचा हौद. पर्यटकांना तिथून दृश्य आवडेल."

"झोपडी पाडून," मी म्हटलं.

"कुजलीय ना ती. पण कसंय, अजून काही नक्की नाही. म्हणजे बघू. म्हणजे... तू काय म्हणशील तसं."

हा त्याचा प्रश्न होता. याहून जवळ तो येऊ शकत नव्हता. त्यानं हात तसाच हवेत धरला होता, नेवेंकानं केस रुमालाखाली खोचायचे थांबवले होते, आई काठीनं एका दगडावरचं शेवाळ खरवडत होती. सगळं जग माझ्या तोंडाकडे पाहत होतं आणि माझ्या गळ्याशी ती चेन होती. मी तोंड उघडलं.

आणि ढग आला.

आमच्या कड्यावर तो असाच येतो, मागून, नदीच्या दरीतून, न बोलावता. आधी पठार गेलं, मग तळं, मग ओब्रादचा लांब केलेला हात कोपरापासून पुढे. मग ओब्राद.

"बसा!" त्याचा आवाज आला, आणि तो एकदम बाबांचा आवाज होता. "आहात तिथेच बसा. कुणी हलायचं नाही. कडा चार हातांवर आहे."

"एकमेकांना धरा," आई म्हणाली.

कुणीतरी माझं मनगट पकडलं. ओब्राद. पकड घट्ट होती, माशाला धरतात तशी. दुसऱ्या बाजूला नेवेंकानं जाकिटाची बाही धरली. आम्ही ओल्या गवतावर बसलो. पांढरं, नुसतं पांढरं. माझा स्वतःचा बूट मला दिसेना.

"जाईल आत्ता," ओब्राद म्हणाला.

"बाबा एकदा इथे अर्धा दिवस बसले होते," नेवेंका म्हणाली.

"अर्धा कसला! संध्याकाळपर्यंत," आई म्हणाली. "आणि घरी येऊन म्हणाले, सूप गार का?"

आम्ही हसलो. पण सकाळचं हसू वेगळं होतं. तोंड दिसत नसलं की हसू कुठे थांबवायचं ते नीट कळत नाही. ते विझून गेलं. गवतावर थेंब जमत होते, ते ऐकू येत होते.

मग नेवेंका म्हणाली, "मी सही केली त्या दिवशी भावांनी मला वॉशिंग मशीन दिलं."

तो शब्द दिवसभरात कुणी उच्चारला नव्हता. सही. तिनं तो भाकरी म्हणावं तसा म्हटला.

"चांगलं मशीन आहे ते," जरा वेळानं ओब्राद म्हणाला.

"चांगलंच आहे. अजून चालतं. कपडे पिळताना स्वयंपाकघरभर फिरतं, पण चालतं." तिनं माझी बाही सोडली, पुन्हा धरली. "गेल्या शरदात माहेरी गेले होते ना मी, तेव्हा भावजयीनं विचारलं, रात्री राहणारेस का, म्हणजे तशा चादरी काढते. चांगल्या मनानं विचारलं हो. माझ्या खोलीत आता त्यांचं इस्त्रीचं टेबल आहे. मी म्हटलं, नाही, निघते, कोंबड्या आहेत."

"आपल्याकडे कोंबड्या कुठायत?" ओब्राद म्हणाला.

"नाहीतच."

"नेवेंका, हे आत्ता कशाला?"

"कशाला म्हणजे? मशीनबद्दल बोलतेय मी."

"लोक आहेत का कुणी आसपास?" आईनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "ढगात आवाज लांब जातो. गप्प बसा जरा."

मला नेवेंकाचा चेहरा पाहायचा होता आणि ढगाचे उपकारही मानायचे होते, तो दिसत नव्हता म्हणून. वीस वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं, तिनं मशीनबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. काढला असता तरी मी म्हटलं असतं, कुठल्या कंपनीचं?

माझं मनगट ओब्रादच्या मुठीत होतं. त्याच हातानं त्यानं बाबांना उचललं होतं, हे मला कळत होतं. तोच हात मला कड्यावरून पडू देणार नव्हता, हेही कळत होतं. आणि एकदा बोलले की तो हात मला पुन्हा असा धरेल की नाही, हे मात्र कळत नव्हतं. त्याच्या बोटांना कांद्याचा वास होता. लहानपणी शाळेत जाताना ओढा ओलांडायचा असला की तो असंच धरायचा, पण तेव्हा पलीकडे नेणारी मी असायचे.

पांढऱ्यात कुठेतरी उजळ झालं. आधी माझा बूट दिसला. मग गवत, मग आईच्या काठीचं टोक. खालच्या बाजूला ढग फाटत होता आणि फटीतून तळ्याचा एक तुकडा चमकून गेला. आणखी थोड्या वेळात चेहरे येणार होते. ओब्रादचा लाल झालेला, आईचा, सोनं म्हणणारा. एकदा ते चेहरे आले की मी काय म्हणेन ते मला पक्कं माहीत होतं. मी म्हणेन, तुझंच आहे रे. मग आम्ही खाली उतरू, आणि सगळे माझ्याशी फार फार चांगले वागतील.

मी मनगट सोडवून घेतलं नाही. उलट दुसऱ्या हातानं त्याचा हात वरून धरला.

"ओब्राद," मी म्हटलं, "मंगळवारी मी सही करणार नाही. घर तुझं, कुरणं तुझी. झोपडी मला हवीय. माझ्या नावावर."